टीव्हीवर गेम दिसतोय, ओबीएसमध्ये काळा पडदा: कॅप्चर कार्ड परत करण्याआधी काय तपासायचं

कॅप्चर कार्ड म्हणजे प्लेस्टेशनसारख्या गेम कन्सोलचं चित्र लॅपटॉपमध्ये आणणारं यंत्र, आणि ओबीएस म्हणजे ते चित्र दाखवून रेकॉर्ड करणारा प्रोग्राम. आधी तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते ठरवा. "चालत नाही" एवढ्यावरून काही कळत नाही, कारण खालच्या प्रत्येक लक्षणाचं कारण वेगळं आहे.

- टीव्हीवर गेम छान दिसतो, लॅपटॉपवर ओबीएसमध्ये मात्र काळी चौकट.
- टीव्हीवरही 'नो सिग्नल'. कार्ड मधून काढून कन्सोल थेट टीव्हीला लावला की लगेच दिसतं.
- ओबीएसच्या यादीत कार्डाचं नावच येत नाही.
- चित्र येतं पण फिकं, धुरकट. किंवा उलट, सावल्या नुसत्या डांबरासारख्या काळ्या.
- चित्र येतं, आवाज येत नाही.
- थोडा वेळ सुरळीत, मग चित्र गोठतं किंवा काळं होतं.
- काल रात्रीपर्यंत चालत होतं, आज नाही. कुणी कशाला हात लावलेला नाही.

माझ्याकडे सगळ्यात जास्त विचारणा शेवटच्या लक्षणाची येते. नातेवाइकांची मुलं, त्यांचे मित्र, मग त्या मित्रांचे मित्र, असं करत हे काम माझ्या गळ्यात पडलंय. व्हॉट्सॲपवर काळ्या चौकटीचा फोटो येतो आणि खाली एकच प्रश्न असतो, "कार्ड डिफेक्टिव्ह आहे, रिटर्न करू का?" बहुतेक वेळा नका करू. काळ्या पडद्याच्या प्रकरणात कार्ड खरोखर बिघडलेलं क्वचित निघतं. दोष असतो तो कन्सोलच्या एखाद्या सेटिंगचा, नाहीतर केबलचा. घाईने कार्ड बदलून घेतलं तर नव्या कार्डावरही तोच काळोख दिसतो आणि वर आठवडा जातो तो वेगळाच.

तपासणी मी नेहमी एकाच क्रमाने करतो: आधी फुकटची, मग केबल बदलण्याची, मग पैशाची. क्रम सोडून उड्या मारल्या तर एकाच वेळी चार गोष्टी बदलतात आणि नेमकं कशाने सुटलं ते कळत नाही. मग पुढच्या महिन्यात परत पहिल्यापासून.

तारा बरोबर भोकात आहेत का

हसू नका, यात बरेच जण अडकतात. कन्सोलची एचडीएमआय केबल कार्डाच्या 'इन'मध्ये. कार्डाच्या 'आउट'मधून दुसरी केबल टीव्हीला. कार्डापासून यूएसबी केबल लॅपटॉपला. 'इन' आणि 'आउट' शेजारीशेजारी असतात आणि अक्षरं इतकी बारीक असतात की टेबलामागे वाकून लावताना अदलाबदल होते. तशी झाली तर दोन्हीकडे काळं. काही बिघडत नाही, फक्त दिसत नाही.

याचाच भाऊबंद असलेला गैरसमज: लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक आहे, मग कन्सोल थेट तिथेच का नाही लावायचा? कारण साध्या लॅपटॉपवरचा तो पोर्ट फक्त बाहेर चित्र पाठवतो, आत घेत नाही. चित्र आत घ्यायचं म्हणूनच तर कार्ड लागतं.

काही स्वस्त कार्डांना 'आउट' नसतोच, पेनड्राइव्हसारखा छोटा डोंगल असतो. त्यावर टीव्ही जोडता येत नाही, खेळ ओबीएसच्या खिडकीत बघतच खेळावा लागतो. चित्र तिथे पोहोचायला उशीर होतो, त्यामुळे फुटबॉल किंवा मारामारीच्या गेममध्ये बटण दाबल्यावर खेळाडू जरा वेळाने हलतो. हा बिघाड नाही, त्या डोंगलची मर्यादा आहे. अशा वेळी कन्सोल आणि डोंगल यांच्यामध्ये एक स्प्लिटर (एका चित्राचे दोन फाटे करणारा डबा) लावायचा आणि एक फाटा टीव्हीला द्यायचा.

निन्टेन्डो स्विच असेल तर तो डॉकमध्ये बसलेला हवा आणि डॉकला त्याचा स्वतःचा अडॅप्टर हवा. मोबाइलच्या चार्जरवर डॉक अनेकदा चित्र देत नाही. 'स्विच लाइट'ला बाहेर चित्र पाठवायची सोयच नाही, तेव्हा तो घेऊन कार्डाशी झटापट करण्यात अर्थ नाही.

कार्ड बाजूला ठेवा, कन्सोल थेट टीव्हीला लावा

ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि सगळ्यात जास्त सांगून जाते. कन्सोलपासून कार्डाकडे जाणारी जी केबल आहे तीच काढून टीव्हीला लावा. केबल बदलू नका, तीच. चित्र आलं म्हणजे कन्सोल, त्याचा पोर्ट आणि ती केबल तिन्ही ठीक. नाही आलं तर कार्डाचा विषयच नाही. केबल बदलून बघा. तरीही नाही तर टीव्हीचा दुसरा पोर्ट. तरीही नाही तर या लेखातलं मधलं सगळं सोडून शेवटाकडे जा, तुमचा कन्सोलच दुकानात न्यावा लागणार आहे.

एचडीसीपी: काल चालत होतं, आज नाही

प्लेस्टेशनवाल्यांनी इथे जरा थांबावं.

एचडीसीपी ही इंटेलने काढलेली कॉपी रोखण्याची पद्धत. एचडीएमआय केबलमधून चित्र जाण्याआधी कन्सोल समोरच्या यंत्राला विचारतो, "तू टीव्हीच आहेस ना?" टीव्ही किल्ली दाखवतो, चित्र सुरू होतं. कॅप्चर कार्ड अशा कुलूपबंद चित्राचं रेकॉर्डिंग करायला नकार देतं, पण तेच चित्र पुढे टीव्हीकडे मात्र जाऊ देतं. म्हणून टीव्हीवर गेम झकास दिसतो आणि ओबीएसमध्ये काळोख. कार्ड त्याला सांगितलेलं कामच करत असतं.

पीएस५ वर: सेटिंग्ज, सिस्टिम, एचडीएमआय, आणि तिथे 'एनेबल एचडीसीपी' बंद करा. पीएस४ वर: सेटिंग्ज, सिस्टिम, 'एनेबल एचडीसीपी'. ही सोय सोनीनेच दिली आहे, गेम रेकॉर्ड करणाऱ्यांसाठी. त्यामुळे यात काही चोरीछुपे नाही.

आता मेख. एचडीसीपी बंद असताना सिनेमा-मालिकांची ॲप चालत नाहीत, ब्लू-रे डिस्कही नाही. दुपारी मुलगा गेम रेकॉर्ड करतो. रात्री घरातलं कुणीतरी त्याच प्लेस्टेशनवर सिनेमा लावायला जातं, पडद्यावर एचडीसीपी चालू करा असं येतं, ते 'ओके' करतं आणि सिनेमा बघून झोपतं. दुसऱ्या दिवशी पोराच्या ओबीएसमध्ये काळोख, आणि घरात विचारलं तर "आम्ही काहीच केलं नाही". 'काल चालत होतं' या तक्रारींतल्या बऱ्याच इथेच मिटतात. त्यामुळे रेकॉर्डिंगला बसताना पहिलं काम म्हणजे ही सेटिंग बघणं. घरात स्मार्ट टीव्ही असेल तर सिनेमे टीव्हीच्याच ॲपवर बघायला सांगा, कटकट मिटते.

एक्सबॉक्स वन आणि सिरीज एक्स-एस यांवर अशी कळ नाही. तिथे गेम खुलाच येतो, फक्त सिनेमाचं ॲप किंवा ब्लू-रे चालू असताना कुलूप लागतं. गेम सुरू करण्याआधी ते ॲप पार्श्वभूमीत न ठेवता पूर्ण बंद करा.

पीएस३ काढून बसलेल्यांसाठी वाईट बातमी: त्याच्या एचडीएमआयवर एचडीसीपी कायमचं चालू असतं, बंद करता येत नाही. त्याच्यासाठी लाल-हिरव्या-निळ्या टोकांची कम्पोनंट केबल आणि ती घेणारं कार्ड शोधावं लागतं. जुन्या बाजारात अजून मिळतात.

बाजारात "हा स्प्लिटर लावा, एचडीसीपी जातं" असं सांगून काही डबे विकले जातात. गेमसाठी त्याची गरज नाही, सेटिंग फुकट आहे. आणि सिनेमा किंवा डीटीएचच्या सेट-टॉप बॉक्सचं चित्र उतरवण्यासाठी कुणी विचारत असेल तर ते प्रकरण कॉपीराइटचं आहे. मी त्यात पडत नाही.

दुसरंच कुणी कार्ड धरून बसलंय का

विंडोजच्या दृष्टीने कॅप्चर कार्ड म्हणजे एक वेबकॅम. आणि वेबकॅम साधारणपणे एका वेळी एकाच प्रोग्रामला मिळतो. मागे मीटिंगचं ॲप उघडं असेल, ब्राउझरच्या एखाद्या टॅबला कॅमेऱ्याची परवानगी दिलेली असेल, किंवा कार्डासोबत आलेला कंपनीचा प्रोग्राम आपोआप सुरू झाला असेल, तर ओबीएसच्या वाट्याला काळं येतं. सगळं बंद करा. ओबीएसमध्ये त्या सोर्सच्या (म्हणजे तिथे जोडलेल्या कार्डाच्या) प्रॉपर्टीजमध्ये 'डीॲक्टिव्हेट' दाबा, दोन क्षण थांबून 'ॲक्टिव्हेट' दाबा. एकच कार्ड ओबीएसमध्ये दोन सीनमध्ये (पडद्याच्या दोन मांडण्यांमध्ये) वेगवेगळं जोडलं असेल तरी भांडण लागतं. दुसऱ्या सीनमध्ये नवा सोर्स न बनवता आधीचाच निवडायचा.

परवानगीही बघा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग कॅमेरा. खाली डेस्कटॉप ॲप्सना कॅमेरा वापरू द्यायची वेगळी कळ आहे, ती चालू हवी. तसंच मायक्रोफोनचं, कारण कार्डाचा आवाज विंडोजला माइकसारखा दिसतो. मॅकवर पहिल्यांदा विचारलं तेव्हा 'नको' दाबलं असेल तर सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन हाताने द्यावं लागतं. काही अँटिव्हायरस वेबकॅमला संरक्षण देण्याच्या नावाखाली कार्ड अडवतात, तिथेही ओबीएसला सूट द्या.

कन्सोल झेपेल एवढंच पाठवतोय का

पीएस५ ला चांगला टीव्ही दिसला की तो फोरके (१०८०पीच्या चौपट ठिपके), एचडीआर (जास्त उजळ-गडद छटा), १२० हर्ट्झ (सेकंदाला १२० फ्रेम), व्हीआरआर (टीव्हीने कन्सोलच्या फ्रेमांशी वेग जुळवणं) असं सगळं ताट वाढतो. कार्डाला त्यातलं किती पचतं हा प्रश्न. खोक्यावर मोठ्या अक्षरात 'फोरके' लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात बघा: फोरके फक्त आत घेता येतं, तेही सेकंदाला ३० फ्रेम, आणि रेकॉर्डिंग १०८०पी. असं पुष्कळ डोंगलांचं असतं.

म्हणून तपासणीपुरतं सगळं खाली आणा. पीएस५ वर सेटिंग्ज, स्क्रीन अँड व्हिडिओ, व्हिडिओ आउटपुट. रिझोल्यूशन १०८०पी, एचडीआर बंद, १२० हर्ट्झ बंद, व्हीआरआर बंद. चित्र आलं की एकेक गोष्ट परत चालू करत जा. जिथे काळं होईल ती तुमच्या कार्डाची हद्द. यूट्यूबवर १०८०पी ६० फ्रेम टाकणाऱ्याला एचडीआरची काही गरज नाही, तेव्हा ते बंदच राहू दिलं तरी चालतं.

चित्र फिकं, धुवून काढल्यासारखं येत असेल तर पहिला संशय एचडीआरवर. कन्सोल एचडीआर पाठवतो, ओबीएस ते साधं चित्र समजून दाखवतं आणि रंग उडतात. एचडीआर बंद करूनही फिकंच असेल तर रंगांची रेंज जुळत नाही. एक बाजू काळा रंग ० पासून मोजते, दुसरी १६ पासून. ओबीएसमध्ये सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये कलर रेंज 'फुल' आणि 'लिमिटेड' अशी बदलून बघा, आणि कन्सोलच्या आरजीबी रेंजशी जुळवून घ्या. स्विचच्या टीव्ही सेटिंग्जमध्येही आरजीबी रेंज आहे.

प्रयोग करता करता कन्सोलचा पडदा पूर्णच गेला तर घाबरू नका. पीएस४ किंवा पीएस५ पूर्ण बंद करून पॉवरचं बटण दाबून धरा. एक बीप वाजेल, सोडू नका. साधारण सात सेकंदांनी दुसरी बीप वाजली की सोडा. सेफ मोड येतो, तिथून रिझोल्यूशन बदलता येतं. कंट्रोलर मात्र केबलने जोडावा लागतो. त्या मेनूत डेटा पुसणारे पर्यायही आहेत, खाली खाली जाऊन उगीच काही दाबू नका.

यूएसबी, जिथे पैसे जायला सुरुवात होते

आता थोडं गणित, कारण याशिवाय हा भाग पटत नाही. १०८०पी चित्रात १९२० गुणिले १०८० ठिपके. साध्या 'वायूवाय२' प्रकारात प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट. सेकंदाला ६० फ्रेम. गुणाकार करा: सेकंदाला जवळजवळ २५ कोटी बाइट, म्हणजे सुमारे २ गिगाबिट. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा ४८० मेगाबिट. म्हणजे गरजेच्या चौथा हिस्सासुद्धा तिथून जात नाही. यूएसबी ३.० ची मर्यादा ५ गिगाबिट, तिथे आरामात बसतं.

मग स्वस्त डोंगल यूएसबी २.० वर चालतात कसे? ते चित्र आधी दाबून लहान करतात, 'एमजेपेग' प्रकारात. ओबीएसमध्ये व्हिडिओ फॉरमॅट चुकून 'वायूवाय२' निवडला गेला की याच डोंगलवर सेकंदाला जेमतेम ५ फ्रेम येतात, नाहीतर काहीच येत नाही. तेव्हा प्रॉपर्टीजमध्ये रिझोल्यूशन 'कस्टम' करा, १९२० बाय १०८०, आणि डोंगल असेल तर फॉरमॅट एमजेपेग. एवढ्यावर किती कार्डं परत जायची वाचली असतील!

चांगल्या कार्डाला, म्हणजे एल्गॅटो किंवा ॲव्हरमीडियाच्या वरच्या मॉडेलांना, खराखुरा यूएसबी ३.० पोर्ट लागतो. लॅपटॉपवरचा निळा पोर्ट बघा, किंवा यूएसबीच्या चिन्हाशेजारी 'एसएस' लिहिलेलं असतं. हब मधून काढा, सरळ लॅपटॉपमध्ये लावा. डेस्कटॉप असेल तर पुढचे पोर्ट सोडून मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची आतली केबल अनेकदा सैल किंवा हलकी असते.

प्लग आत सावकाश सरकवत नेलात तर कधी कधी संगणक त्याला यूएसबी २.० समजून बसतो. कारण डोळ्यांनी दिसण्यासारखं आहे. प्लग उजेडात तिरका धरून आत बघा. पुढे चार सोनेरी पट्ट्या असतात, त्या जुन्या २.० च्या. त्यांच्या मागे आणखी पाच बारीक टोकं, ती ३.० ची. आधी पुढच्या चार टेकतात आणि संगणकाने तेवढ्यावर निर्णय घेतला की झालं. काढा आणि एका झटक्यात, सरळ आत बसवा. याच निरीक्षणाने आणखी एक भानगड उघडी पडते: निळी जीभ असलेल्या डोंगलच्या प्लगमध्ये मागची पाच टोकं नसतीलच, तर निळा रंग नुसता रंग आहे. तो डोंगल यूएसबी २.० चाच, खोक्यावर काहीही छापलेलं असो.

कार्डाची यूएसबी केबल वेगळी असेल तर तिच्यावरही संशय घ्या. ड्रॉवरमधली पहिली सापडलेली सी-टाइप केबल फक्त चार्जिंगची असू शकते. दिवा लागतो, कारण वीज पोहोचते, पण ओबीएसच्या यादीत नाव येत नाही. कार्डासोबत आलेली केबल हरवली असेल तर डेटा-केबल आहे याची खात्री करूनच नवीन घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला घेत असाल तर दुकानातच लॅपटॉप उघडून बघा. तिथले दुकानदार नाही म्हणत नाहीत.

एचडीएमआय केबलबद्दल एवढंच: टीव्ही भिंतीवर आणि केबल केसिंगमधून दहा मीटर फिरवलेली असेल तर फोरके साठ फ्रेमला ती दगा देऊ शकते. तपासणीपुरती कन्सोलसोबत आलेली छोटी केबल लावा.

आवाज

चित्र आलं, आवाज नाही, ही तक्रार वेगळी धरा. कन्सोलचा आवाज डॉल्बी किंवा डीटीएसमध्ये जात असेल तर कार्डाला तो कळत नाही. 'लिनिअर पीसीएम' (न दाबलेला साधा आवाज) निवडा. पीएस५ वर हे सेटिंग्ज, साउंड, ऑडिओ आउटपुटमध्ये आहे. साउंडबारवाल्यांकडे हे हमखास झालेलं असतं. कंट्रोलरमध्ये हेडफोन घातलेला असेल तर तो काढून एकदा बघा.

ओबीएसच्या मिक्सरमध्ये पट्टी हलते पण तुम्हाला ऐकू येत नाही? मग रेकॉर्डिंगमध्ये आवाज आहे, फक्त तुमच्या स्पीकरला पाठवलेला नाही. 'ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीज'मध्ये 'मॉनिटर अँड आउटपुट' करा. दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग करून ऐका आणि मगच निष्कर्ष काढा.

स्वस्त डोंगलांतल्या एका फार चालणाऱ्या चिपची खोड अशी की ती ४८ किलोहर्ट्झ स्टिरिओ आवाज संगणकाला ९६ किलोहर्ट्झ मोनो म्हणून सांगते. त्यामुळे आवाज येतो पण डावं-उजवं वेगळं होत नाही. साध्या गेमला कुणाच्या लक्षात येत नाही. मागून येणारी पावलं ऐकवायची असतील तर मात्र दुसरं कार्ड घ्या, त्यावर डोकं फोडू नका.

आवाज हळूहळू मागे पडत असेल तर ओबीएसचा सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ आहे का बघा, एचडीएमआयवरून तोच येतो. सुरुवातीपासूनच ठरावीक फरक असेल तर त्याच ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये 'सिंक ऑफसेट' मिलिसेकंदात भरायचा. टाळी वाजवून जुळवण्यापेक्षा गेमच्या मेनूत कर्सर हलवल्याचा टक आवाज आणि चित्र जुळवणं सोपं.

थोडा वेळ चालतं, मग गोठतं

डोंगलला हात लावून बघा. चटका बसत असेल तर उष्णता. टीव्हीच्या मागे, कपाटाच्या बंद खणात त्याला वारा लागत नाही. छोट्या एक्स्टेन्शन केबलने मोकळ्यावर आणा आणि पुन्हा तेवढाच वेळ चालवा.

गरम नसेल तर ओबीएसचं 'स्टॅट्स' उघडा. 'एन्कोडिंग लॅग'चा आकडा वाढतोय म्हणजे लॅपटॉपचा दम कमी पडतोय. एन्कोडर (चित्र दाबून फाइल बनवणारा भाग) प्रोसेसरवरून ग्राफिक्सवर न्या: एनव्हिडिया असेल तर एनव्हीएन्क, इंटेल असेल तर क्विक सिंक. डिस्कही बघा. ५० मेगाबिट बिटरेटला तासाला साडेबावीस जीबी लागतात. जुनी हार्ड डिस्क अर्धीअधिक भरलेली असेल तर धाप लागते. बाहेरचा ड्राइव्ह एफएटी३२ असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जाणार नाही.

आणि रेकॉर्डिंगचा फॉरमॅट 'एमकेव्ही' ठेवा. साध्या एमपी४ मध्ये रेकॉर्ड करताना लाइट गेली तर अख्खी फाइल उघडत नाही. एमकेव्हीत तोवरचं सगळं शाबूत राहतं. नंतर ओबीएसच्याच फाइल मेनूतून 'रीमक्स' करून एमपी४ करता येतं, दर्जा कमी होत नाही.

झिणझिण्या येत असतील तर इथेच थांबा

एचडीएमआय केबल लावताना बोटांना मुंग्या येतात, किंवा बारीकशी ठिणगी दिसते. पुष्कळांना ही नेहमीची गोष्ट वाटते. डेस्कटॉपचा किंवा लॅपटॉपच्या चार्जरचा तीन पिनांचा प्लग भिंतीत घातलेला असतो, पण भिंतीतल्या तिसऱ्या भोकामागे अर्थिंगची वायर जोडलेलीच नसते. अशा वेळी संगणकाच्या धातूच्या भागावर आपल्या २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास दाब तरंगत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण टीव्ही, कार्ड आणि कन्सोल एका केबलने जोडताना तोच दाब एचडीएमआयच्या नाजूक चिपमधून वाट काढतो. मग कार्ड गेलं, टीव्हीचा एक पोर्ट गेला, असं सुरू होतं, आणि दोष मात्र कार्डाला लागतो.

रेकॉर्डिंगमध्ये 'घूंऽऽ' असा गुणगुणाट येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण थांबली तर संशय पक्का. पुढचं काम वायरमनचं. स्वतः बोर्ड उघडू नका आणि "तिसरी पिन मोडून टाक" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. वायरमनला नेमकं सांगा की या सॉकेटचं अर्थिंग तपासून दे. तोवर सगळे प्लग काढल्याशिवाय एचडीएमआय केबल काढू-घालू नका.

कार्ड खरंच गेलंय हे कधी मानायचं

दुसरा संगणक, दुसरी यूएसबी केबल, दुसरी एचडीएमआय केबल, एचडीसीपी बंद, १०८०पी, एचडीआर बंद, आणि शक्य असेल तर दुसरा कन्सोल. एवढं करूनही काळंच, तर कार्ड परत करा. परत करताना हेच सगळं क्रमाने लिहून द्या. "नॉट वर्किंग" एवढंच लिहिलेल्यापेक्षा अशी तक्रार लवकर मार्गी लागते. फर्मवेअर (कार्डाच्या आतला प्रोग्राम) अपडेट कंपनीच्या साइटवरून करून बघायला हरकत नाही, पण ते चालू असताना लाइट गेली तर कार्ड कायमचं आडवं होऊ शकतं. म्हणून लॅपटॉपची बॅटरी भरलेली असतानाच.

नवं कार्ड येईपर्यंत काम अडत नाही. पीएस४ आणि पीएस५ स्वतःच ६० मिनिटांपर्यंतचा खेळ साठवून देतात, पेनड्राइव्हवर काढून घेता येतो. स्विचचं मात्र ३० सेकंदांच्या पुढे जात नाही, आणि काही गेममधली काही दृश्यं बनवणाऱ्यांनीच आतल्या रेकॉर्डिंगला बंद केलेली असतात.

कन्सोल दुकानात कधी न्यायचा

थेट टीव्हीवरही चित्र येत नाही, किंवा केबल जरा हलवली की येतं-जातं, तर मोबाइलच्या टॉर्चने कन्सोलच्या एचडीएमआय पोर्टमध्ये बघा. मधली काळी जीभ सरळ आणि अखंड हवी, तिच्यावरच्या बारीक पट्ट्या समांतर. एखादी वाकलेली, उचललेली दिसली, किंवा जीभच तुटलेली असेल, तर तुमचं काम संपलं. सुई, टाचणी, चिमटा काहीही आत घालू नका. एचडीएमआयला १९ पिना असतात. एक वाकडी सरळ करायला जाऊन दोन एकमेकींना टेकल्या की पोर्टमागची चिपही जाते आणि खर्च वाढतो.

वॉरंटी शिल्लक असेल तर आधी कंपनीचं सर्व्हिस सेंटर. बाहेर उघडला की ती संपते. स्विच बहुतेकांनी परदेशातून किंवा ग्रे मार्केटमधून आणलेला असतो, त्याला इथे वॉरंटी मिळणं अवघड, तेव्हा सरळ चांगला कारागीर शोधा. पोर्ट बदलणं हे हॉट एअर आणि मायक्रोस्कोप लागणारं सोल्डरिंगचं काम आहे. मोबाइलचा बोर्ड दुरुस्त करणाऱ्याकडे ही हत्यारं असतात, पण कन्सोलचा बोर्ड जाड असतो, उष्णता जास्त लागते. म्हणून त्याने आधी कन्सोलचे पोर्ट बदललेत का ते विचारा. फक्त पोर्ट बदलणार की एचडीएमआयची चिपही, याचे दोन वेगळे आकडे आधीच घ्या. नेण्याआधी सेव्ह गेम क्लाउडवर किंवा ड्राइव्हवर काढून ठेवा.

परत घेताना दुकानातच टीव्हीला लावून फोरकेवर दहा-पंधरा मिनिटं चालवून बघा, १०८०पीवर नको. अर्धवट जोडलेली पिन कमी रिझोल्यूशनला निभावून जाते आणि फोरकेला चमचमायला लागते. त्यात पास झाला की घरी आणून कार्ड मध्ये लावा, आणि आधी एचडीसीपीची सेटिंग बघा. दुरुस्तीत कन्सोल रीसेट केला असेल तर ती परत चालू झालेली असेल.